आजीचा फोटो ती असताना काढा



आज जरा भांडायलाच बसले आहे. विषय साधा आहे, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो. तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे? तर एक करा. मोबाइल हातात घ्या आणि सासूबाईंचा, आईचा किंवा आजीचा असा एक फोटो शोधा, ज्यात त्या एकट्या आहेत, दिवसाच्या उजेडात आहेत आणि चेहरा नीट दिसतो आहे. मांडीवर नातू नको, समोर केक नको, कुणाच्या लग्नातली रांग नको. फक्त त्या.

बहुतेकींना सापडणार नाही. सापडलाच तर तो आधार कार्डावरचा असेल, आणि आधारवरचा फोटो कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे.

पेन्शन घेणाऱ्यांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2021 पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. म्हणजे सरकारला म्हातारीचा चेहरा ती जिवंत आहे म्हणून लागतो. आपल्याला, तिच्या घरच्यांना, तो कधी लागतो? ती गेल्यावर. त्याच दिवशी, दोन तासांत, पेपरात द्यायला आणि ग्रुपवर टाकायला. मग घरभर धावाधाव. कुणाकडे आहे का गं आईंचा एखादा बरा फोटो?

आणि मग जो सापडतो, तो बघा. कुठल्यातरी लग्नात रात्री साडेनऊला काढलेला. फ्लॅश तोंडावर पडल्यामुळे डोळे लाल किंवा अर्धे मिटलेले. शेजारच्या दोघींना कापून काढलेलं, पण खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. आमच्या नात्यातल्या एक काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या होऊन. त्यांचा असाच एक फोटो कापून दुकानात दिला. दुकानवाल्याने मागे निळं आभाळ लावलं, रंग दोन छटा उजळला, कपाळावरच्या आठ्या पुसल्या आणि हनुवटीवरचा तीळही डाग समजून पुसून टाकला. त्या तिळावरून आख्खी आळी काकूंना ओळखायची. चौकट घरी आली तेव्हा त्यांची पाच वर्षांची पणती म्हणाली, ही कोण? घरातलं कुणी काही बोललं नाही. तो फोटो आजही भिंतीवर आहे. पणती मोठी होईल तेव्हा तिला पणजी म्हणून हाच चेहरा आठवेल, जो काकूंचा नव्हताच.

याचंच मला वाईट वाटतं. ऐंशी वर्षं उन्हातान्हात, चुलीपुढे, उपासतापासात जो चेहरा घडला, तो आपण पाच मिनिटांत पुसून टाकतो आणि वर म्हणतो, छान दिसतायत ना?

पैसा नाही म्हणून असं होतं का? मुळीच नाही. भाट्याच्या सुरुबनात कुठल्याही हिवाळ्यात संध्याकाळी जाऊन बघा. प्री-वेडिंगवाले असतातच. मुलीचा जमिनीवर लोळणारा गाऊन, मुलाचा कोट, दोन फोटोग्राफर, एक छत्री धरणारा पोरगा, वर घोंघावणारा ड्रोन. आपल्या समाजातली मुलंही त्यात असतात, आणि बिल आपणच भरतो. हौस करू नका असं मी म्हणत नाही. पण जिच्या लग्नाला अजून महिना आहे तिचे चारशे फोटो, आणि जिच्या लग्नाला साठ वर्षं झाली तिचा एक नाही, हा कुठला हिशेब?

अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, म्हणजे आपल्या बारावीच्या वयाच्या मुलांना सीनियर म्हणतात. शाळा सोडण्याआधी प्रत्येकाचा एकट्याचा खास फोटो काढायची तिथे जुनी चाल आहे. हल्ली स्टुडिओ सोडून बागेत, शहरातल्या रस्त्यावर, मोकळ्या उजेडात काढतात. कल्पना चांगली आहे. एक टप्पा संपतो आहे, तेव्हा हा माणूस कसा दिसत होता ते जपून ठेवायचं. आपल्याकडे सीनियर कोणाला म्हणतात? सीनियर सिटिझन. बँकेत त्यांना अर्धा टक्का व्याज जास्त. मग त्यांच्या टप्प्याचा फोटो कोण काढणार?

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या चेहऱ्यात बघण्यासारखं काय असतं? आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 साली खेड तालुक्यातल्या शेरवलीत झाला. 1958 साली ते शंभर वर्षांचे झाले तेव्हा पोस्टाने त्यांच्या चेहऱ्याचं तिकीट काढलं. हयात असताना भारताच्या टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. शंभर वर्षांच्या माणसाचा चेहरा देशभर पाकिटांवर फिरला, आणि कुणाला तो बघण्यासारखा नाही असं वाटलं नाही.

आता त्यांच्या पत्नी बाया कर्वे. माहेरच्या गोदूबाई जोशी, देवरुखच्या. लहान वयात विधवा झाल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या, 1893 साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्यासाठी दोघांनी बहिष्कार सोसला. पुढे त्यांनी 'माझे पुराण' नावाचं आत्मकथन लिहिलं. कर्व्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा म्हटलं तर आणता येतो. बायांचा आणता येतो का? खरं सांगा. घरोघरी हेच आहे. आजोबांचा कोट-टोपीतला स्टुडिओतला फोटो दिवाणखान्यात असतो, आणि आजीचा त्याला जोड म्हणून नंतर कुठूनतरी कापून आणलेला.

आपल्या समाजापुरतं आणखी एक. पर्युषणात कुणी आठ उपवास केले की सत्कार होतो. शाल, हार, स्टेज, कमिटीतले सात-आठजण. फोटोत तपस्विनी मधे बसलेली, हार नाकापर्यंत आलेला, वर फ्लॅश. सगळ्या पदाधिकाऱ्यांचे चेहरे स्पष्ट, जिने उपवास केले तिचा तेवढा दिसत नाही. पारण्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओटीवर एक साधा फोटो काढला असता तर?

म्हणून माझा आग्रह आहे की फोटो दिवसाच्या उजेडात, घराबाहेर काढा. हे नवं फॅड नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली. त्या काळात स्टुडिओत विजेचे दिवे नव्हते. छपराला किंवा उत्तरेच्या भिंतीला मोठी काच असायची, कारण उत्तरेकडून थेट ऊन सहसा येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. आपण ज्यांना जुने सुंदर फोटो म्हणतो, ते त्या उजेडात काढलेले आहेत. तो उजेड आपल्या ओटीवर, गॅलरीत, दारात रोज फुकट येतो.

आणि आपल्या लोकांना तर दिवसाच सोयीचा. रात्री दिवे लावले की कोकणात पावसाळ्यात पाखरं किती येतात हे मी सांगायला नको. कार्यक्रमात हॅलोजनखाली सकाळी किड्यांचा सडा पडलेला असतो. एका फोटोसाठी ते कशाला? जुन्या फिल्मला आणि फोटोच्या कागदाला जिलेटिन लागायचं, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. मोबाइलने काढलेल्या फोटोला फिल्म नको. छापायचा तर साध्या कागदावर प्रिंटरने छापून घ्या.

फोटोग्राफर मावळतीच्या आधीच्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणतात. ऊन तिरपं, सोनेरी, चेहऱ्याला छान. पण तो तास आपल्या स्वयंपाकघरातला. सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं उरकायची असतात, त्या वेळी मांडवीच्या बंदरावर आजीला घेऊन कोण जाणार? आपला गोल्डन अवर सकाळचा. रत्नागिरीत जूनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सव्वासातला. दर्शन करून आल्यावर, चहा व्हायच्या आत, ऊन अजून तिरपं असतं. आजीही सकाळी ताजी असते, पातळ नीट नेसलेली असते, केस विंचरलेले असतात. वेगळी तयारी लागत नाही.

दुपारी मात्र काढू नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य साडेबारा-पाऊणच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. तेव्हा उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते, पण भुवयांची सावली डोळ्यांवर आणि नाकाची ओठांवर पडते. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. इतर दिवशीही दुपारच्या उन्हात थोडंफार असंच होतं.

बाकी गोष्टी कठीण नाहीत.

आजीला उन्हात बसवू नका, उन्हाच्या काठावर बसवा. पडवीत, दाराच्या आत एक पाऊल, तोंड बाहेर उजेडाकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर झळझळीत ऊन डोळ्यांना सोसत नाही, ती डोळे बारीक करते आणि फोटो आठ्यांचा येतो. चष्मा असेल तर काढायला लावू नका, ती चष्म्यातच तुमची आजी आहे. हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा, काचेवरची चमक जाते.

आंब्याखाली फोटो छान येईल असं वाटतं, पण पानांतून आलेल्या उजेडाने चेहरा हिरवट दिसतो आणि कवडसे गालावर डागांसारखे पडतात. जांभ्याच्या भिंतीला अगदी चिकटून बसवलं तर भिंतीचा तांबूसपणा पांढऱ्या पातळावर उतरतो, तेव्हा भिंतीपासून चार हात पुढे बसवा. उलट चुन्याची पांढरी भिंत समोर असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो आणि सावल्या मऊ होतात. भिंत नसेल तर सुनेने पांढरी चादर पसरून समोर धरावी. आपल्या गावात हे समुद्रावरही बघायला मिळतं. मांडवीच्या काळ्या वाळूवर उभ्या माणसाच्या चेहऱ्याखाली सावली गडद राहते, पांढऱ्या समुद्राच्या वाळूवर तीच उजळते. वाळू खालून उजेड परत देते.

पावसाळ्यात उघडीप असताना आभाळ भरलेलं असेल तर सोडू नका. ढगांमुळे सगळीकडून सारखा उजेड येतो. दारात, गॅलरीत, बिल्डिंगच्या गच्चीवर, कुठेही काढा. चालवत असेल आणि तिची इच्छा असेल तर थिबा पॅलेसच्या आवारात न्या, टिळक आळीत तिच्या जुन्या घरासमोर न्या. नसेल चालवत तर खुर्ची अंगणात. जागा तिच्या आयुष्यातली असली म्हणजे झालं.

फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत म्हातारी माणसं केविलवाणी दिसतात. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. सहा-सात फुटांवर बसा आणि दुप्पट झूम करा. आधी फोनची काच पदराने पुसा, आपल्या हाताचं तेल तिच्यावर असतंच. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्याला बोट लावा, उजेड जास्त वाटला तर बोट खाली ओढा. आणि ब्यूटी मोड बंद करा. काही फोनमध्ये तो आपोआप चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा. तो सुरकुत्या पुसतो, रंग उजळतो. दुकानदाराने काकूंचं जे केलं तेच हा विचारल्याशिवाय करतो.

आता घरात काय ऐकावं लागेल ते मला माहीत आहे.

पहिलं, आजी स्वतःच म्हणेल, म्हातारीचा कसला फोटो काढतेस. हे नाही म्हणणं नसतं नेहमीच. आयुष्यभर तिला कुणी एकटीला समोर बसवून बघितलंच नाही, म्हणून ती संकोचते. तिच्याशी बोलत बसा. लोणच्याचं प्रमाण विचारा, माहेरचं विचारा. बोलता बोलता काढा. पण खरोखर नको म्हणाली तर ठेवून द्या. डोक्यावर पदर हवा असेल तर असू द्या. कुठलं पातळ, कुठली माळ, ते तिनेच ठरवावं. आणि तिला दाखवल्याशिवाय, विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका. तिचा चेहरा तुमच्या लाइक्ससाठी नाही.

दुसरं, शेजारीण म्हणेल, एकटीचा फोटो काढला की माणूस लवकर जातं. मग पासपोर्ट काढणारे सगळेच गेले असते. आपल्याला भीती कशाची वाटते, तर फोटो काढला म्हणजे आपण तिच्या जाण्याची तयारी करतो आहोत असं दिसेल याची. म्हणून तर मी म्हणते, जाण्यासाठी काढूच नका. ती आहे म्हणून काढा. छापून तिच्याच खोलीत लावा, तिला बघू दे. माहेरी तिच्या भावाला एक पाठवा.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे, आणि ते आपल्यातच ऐकू येतं. देह नश्वर आहे, त्याचे फोटो काढून मोह कशाला वाढवायचा? बारा भावनांत पहिलीच अनित्य भावना. अगदी खरं. पण मग मला सांगा, अनित्य कशात दिसतं? गोऱ्या केलेल्या, गुळगुळीत केलेल्या, आठ्या पुसलेल्या चेहऱ्यात दिसतं का? तो तर मोहाचाच फोटो. देह बदलतो, वाकतो, सुकतो, हे ज्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे तो आपण लपवतो आणि वर अनित्याचं नाव घेतो. आणि मोहाचीच भीती असेल तर ती भाट्याच्या सुरुबनात का आठवत नाही? फक्त आजीच्या वेळी का आठवते?

सुरकुत्या हा दोष नाही. उन्हात पापड घालताना बारीक केलेल्या डोळ्यांच्या कडेला त्या येतात. मनातल्या मनात णमोकार म्हणणाऱ्या ओठांभोवती येतात. बापड्या उजेडाला त्या लपवता येत नाहीत, म्हणून मला उजेड आवडतो. त्याला खोटं बोलता येत नाही, ते आपण त्याला शिकवतो.

तर माझं मागणं एवढंच. येत्या आठवड्यात एक सकाळ काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि एक फोटो काढा. घरात कुणी वयस्कर नसेल तर मंदिरात रोज शेवटच्या रांगेत बसणारी जी आजी आहे, जिची मुलं पुण्या-मुंबईला आहेत, तिला विचारा. फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो बारीक होतो आणि मोठा छापता येत नाही. छापला की मागे पेन्सिलने तिचं पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची बायको नाही. तिचं नाव, गाव, माहेर, साल.

आणि दुकानात दिलात तर निक्षून सांगा, काही पुसू नका. तीळ आहे तो तीळच आहे.

जय जिनेंद्र.